खिडक्या लावून केलेली भुर्जी

‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य आपल्या समाजात फार सोयीचे झाले आहे. मंडळाच्या सकाळच्या कार्यक्रमाला अंडी कशी करायची असा प्रश्न निघाला, की कोणीतरी हे वाक्य टाकतो आणि टेबलावर उकडलेली, सोललेली, गार अंडी येतात. सोबत काकडी-टोमॅटोचे सॅलड आणि पांढरे चीज. आम्ही विचारतो, ही आवड कोणाची? दिमोना, रामले, लोद, अश्दोदहून बस करून आलेल्या त्या मंडळींत ती कोणाचीच नसते. अर्धे अंडे ताटलीत तसेच राहते आणि लोक चहाकडे वळतात.

शब्बाथची गोष्ट वेगळी. त्या दिवशी चूल नाही, म्हणून गार अंडे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण मंगळवारी सकाळी, गॅस चालू असताना, गार अंडे कशासाठी?

आमच्या आवडी आम्हाला ठाऊक आहेत. बारीक कांदा तेलात परतून, हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर घालून केलेली भुर्जी. कांदा-मिरची घालून फेटलेली अंड्याची पोळी, पावाबरोबर. आणि या सर्वांची राणी म्हणजे कोकणातला अंड्याचा रस्सा: आले, लसूण, मिरची, कोथिंबिरीचे हिरवे वाटण, नारळाचे दूध, आणि उकळी आली की एकेक अंडे फोडून अलगद आत सोडायचे. ढवळायचे नाही. झाकण ठेवायचे. बलक घट्ट हवा की वाहता, यावर आमच्या घरांतून दोन पक्ष आहेत आणि ते आमरण टिकतील. आम्ही घट्टवाले; वाहत्या बलकाने रस्सा नासतो असे आमचे ठाम मत आहे. यालाच आम्ही आवड म्हणतो. आवडीसाठी माणूस भांडतो. ज्या अंड्यासाठी कोणी भांडत नाही, ते कोणाचेच नसते.

मग हे सारे टेबलावर का येत नाही? वासामुळे, असे उत्तर मिळते. १९४९ ते १९५९ या रेशनच्या दहा वर्षांत जी कुटुंबे आली, त्यांनी अंड्याच्या पावडरीचे दिवस पाहिले. खरे अंडे मिळे तेव्हा ते मोजून मिळे, आणि ते फोडणीत पडले की जिन्यात कोणीतरी नाक मुरडी. तेव्हापासून कित्येक घरांत भुर्जी खिडक्या लावून होते. आज रेशन नाही, आणि नाक मुरडणाऱ्यांची नातवंडे सुट्टीत गोव्याला जाऊन तीच भुर्जी खाऊन येतात. पण खिडकी अजून लागलेलीच.

आता दुसऱ्यांनी काय केले ते पाहा. शकशुका उत्तर आफ्रिकेतून आली. ट्युनिशिया आणि लिबियाचे यहुदी ती घेऊन आले तेव्हा त्यांनाही या देशात कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. पण त्यांनी कढई झाकून ठेवली नाही. याफोमध्ये त्रिपोलीच्या घराण्यातल्या माणसाने ‘डॉक्टर शकशुका’ या नावाने उपाहारगृहच काढले. आज देशातल्या प्रत्येक हॉटेलच्या न्याहारीत शकशुका आहे आणि पाहुण्यांना ती इस्राएलची म्हणून वाढतात. आणि ती आहे तरी काय? उकळत्या रश्शात फोडून सोडलेली अंडी! त्यांच्याकडे टोमॅटो, आमच्याकडे नारळ. हात तोच, झाकण तेच.

इराकी बांधवांचे उदाहरण तर आम्हाला अधिकच झोंबावे असे आहे. शुक्रवारी रात्रभर मंद आचेवर राहून तपकिरी झालेली अंडी आणि तळलेली वांगी, ही त्यांची शब्बाथच्या सकाळची न्याहारी. शब्बाथला गार अंडे त्यांनाही होतेच. पण त्यांनी ते रात्रभर शिजवून चवदार केले, पुढे रमात गानमध्ये पीतात भरून विकायला काढले, आणि सबीख सगळ्या देशाचा झाला. त्या सबीखवर जे पिवळे, आंबट, मेथीचा घमघमाट असलेले लोणचे ओततात त्याचे नाव काय? अंबा. आपला आंबा! मुंबई आणि बसरा यांच्यामध्ये व्यापार करणाऱ्या बगदादी यहुद्यांबरोबर हा शब्द तिकडे गेला आणि तिथून इथे आला. म्हणजे हळदीचा डाग आज तेल अवीवच्या वकिलाच्या सदऱ्यावर आहे, अंब्याचा वास दिवसभर त्याच्या बोटांना आहे, आणि त्याची त्याला लाज नाही. लाज आहे ती हळदीच्या मूळ मालकांना.

काही आक्षेप ऐकू येतात. मुलांना तिखट चालत नाही, म्हणतात. तीच मुले फलाफलवर हिरवे स्खूग चमच्याने ओततात. डॉक्टरांनी अंडी कमी सांगितली असतील तर कमी खावीत, पण जे एक खायचे ते तरी चवीचे असावे. कोणी कश्रूतचे नाव घेतो. अंडे पारवे आहे, मांसाबरोबर चालते आणि दुधाबरोबरही. नारळाचे दूध तर झाडाचे. आणि प्रत्येक अंडे आधी वाटीत वेगळे फोडून, रक्ताचा ठिपका नाही ना हे उजेडाकडे धरून पाहणाऱ्या आयांच्या हाताखाली आम्ही वाढलो आहोत; आम्हाला कोणी अंड्याचा धर्म शिकवू नये. राहिले ‘एवढ्याशा अंड्यावरून वाद कशाला’. मिश्नामध्ये एका मसेखेतचे नावच बेइत्सा, म्हणजे अंडे, असे आहे. सणाच्या दिवशी घातलेले अंडे त्याच दिवशी खावे की नाही, यावर शम्मायचे घराणे आणि हिल्लेलचे घराणे तिथे पहिल्याच वाक्यात भांडतात. (शम्मायवाले खा म्हणतात, हिल्लेलवाले नको म्हणतात, एरवी उलटे असते.) त्यांच्यापैकी कोणी ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून उठून गेला नाही.

हे सारे समारंभापुरते असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमची खरी चिंता वृद्धाश्रमांची आहे. आपली पहिली पिढी आता तिथे आहे. वय वाढले की नंतर शिकलेली भाषा आधी जाते. हिब्रू विरते आणि मराठी उरते. अशाच एका आश्रमातल्या एका मावशींबद्दल आम्हाला कळले. आश्रमाचे नाव आम्ही घेत नाही. रोज सकाळी समोर उकडलेले अंडे आणि चीज, रोज ते परत जाते, आणि वहीत नोंद होते की बाई जेवत नाहीत. मुलीने घरून डब्यात भुर्जी आणि पोळी नेली. मावशींनी सबंध खाल्ली आणि उद्या मीठ जरा कमी घाल म्हणाल्या. तो ‘उद्या’ झाला नाही, कारण बाहेरचे शिजवलेले अन्न तिथल्या भोजनगृहात चालत नाही. नियम समजण्यासारखा आहे; आश्रमाचे स्वयंपाकघर कोशेर, देखरेखीखालचे. पण त्याच स्वयंपाकघरात अंडी आहेत, कांदा आहे, मिरची, हळद, कोथिंबीर सारे आहे. नाही ते फक्त आपल्या समाजातून कोणी तिथे जाऊन सांगणे. आपल्या मंडळांच्या सभांत हारतुरे आणि भाषणे यांना तास मिळतात. ज्या आश्रमांत आपली माणसे आहेत त्यांची यादी वाचलेली मात्र आम्ही एकदाही ऐकली नाही.

तेव्हा आमची मागणी अशी. प्रत्येक मंडळाने पुढच्या सभेत ही यादी करावी. प्रत्येक आश्रमासाठी दोन माणसे नेमावीत, त्यांतली एक स्वयंपाक जाणणारी. त्यांनी तिथल्या मुख्य आचाऱ्याला भेटावे, त्याच्याच भांड्यात, त्याच्याच गॅसवर एकदा करून दाखवावे आणि भिंतीवर लावायला हिब्रूत चिठ्ठी द्यावी. फार लिहावे लागत नाही. बेइत्सा, बत्साल, पिलपेल, कुरकुम, कुसबरा. आणि खाली त्या खोलीचा नंबर, जिथे मीठ जरा कमी लागते.