वायपर आहे, पाणी कुठे आहे?

पहाटे वाशीच्या बाजारातून ऐरोली पुलावरून मुलुंडकडे येणाऱ्या भाजीच्या पिकअप गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना कित्येक चालकांच्या शेजारी ठेवलेली पाण्याची प्लास्टिकची बाटलीही आठवेल. ही बाटली तहानेसाठी नसते. पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसला की चालक खिडकीतून हात बाहेर काढून पाणी ओततो आणि वायपर लावतो. एका हाती स्टिअरिंग, दुसऱ्या हाती बाटली! काच धुण्याची मोटर केव्हाच निकामी झालेली असते आणि ‘वायपर चालतो ना?’ एवढ्यावर मालकाचे समाधान झालेले असते.

वास्तविक, पाण्यावाचून फिरणारा वायपर काच स्वच्छ करीत नाही. तो चिखल सारवतो. पावसाच्या पहिल्या सरी येतात तेव्हा रस्त्यावर सिमेंटची धूळ, तेलाचा ओघळ आणि धुराची काजळी साचलेली असते. मेट्रोच्या बांधकामामुळे लालबहादूर शास्त्री मार्गाने ही धूळ वर्षानुवर्षे सोसली आहे. हा राडा काचेवर पसरला आणि समोरून दिव्यांचा झोत आला, की चालकाला पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीही दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर अंतर तोडते. त्या 50 मीटरांत सकाळची शाळा गाठण्यासाठी रस्ता ओलांडणारी मुले असतात आणि पहिली लोकल पकडायला निघालेले आपल्यासारखे नोकरदारही असतात.

‘जुन्या गाडीवर आता खर्च कशाला?’ हा मालकवर्गाचा आवडता युक्तिवाद आहे. तो उलटा आहे. काच जितकी जुनी, तितके तिच्यावर खडीचे टोचे आणि वायपरचे ओरखडे अधिक. म्हणून प्रकाश अधिक फाकतो आणि पाण्याची गरजही वाढते. फार जुन्या गाड्यांत हाताने किंवा पायाने दाबायचा रबरी पंप असे, कित्येकांत तोही नसे. आज 12 व्होल्टची छोटी मोटर काही शे रुपयांत मिळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांची रांगच आहे.

मात्र नवी, जोरकस मोटर बसवली म्हणजे काम झाले, असे नव्हे. आधी तोंडाची बारीक छिद्रे सुईने मोकळी करावीत, टाकीतला गाळ काढावा, गंजलेली अर्थिंग घासावी. पुष्कळदा जुनी मोटर निर्दोष निघते. नवी बसवायचीच तर टाकीच्या तळाशी बसवावी, कारण ही मोटर पाणी ढकलते, वर ओढून घेत नाही. कडक झालेली रबरी नळी त्याच वेळी बदलावी, अन्यथा वाढलेल्या दाबाने ती सांध्यातून निसटते आणि सारे पाणी बॉनेटखाली जाते. तारेला योग्य फ्यूज हवा. टाकीत कपड्यांचा साबण घालण्याची हौस मात्र आवरावी; त्याचा पातळ थर काचेवरच वाळतो.

आता कायद्याकडे वळू. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 101 वा नियम कार्यक्षम, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या वायपरची अट घालतो. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. म्हणजे जुनी गाडी वर्षातून एकदा तपासनिसासमोर उभी राहणारच. त्या वेळी वायपरची पट्टी हलली एवढ्यावर न थांबता काचेवर मूठभर माती टाकून ती धुऊन दाखवायला सांगावे, एवढीच आमची मागणी आहे. यासाठी ना नवे खाते लागेल, ना नवे यंत्र.

गाडी एकाची आणि चालक दुसरा, ही यातली खरी अडचण. दुरुस्तीचा निर्णय मालकाचा. अपघात घडला की पहिला गुन्हा दाखल होतो चालकावर. आमच्या परिचयाच्या एका चालकाने पावसाळ्याआधी कुर्ल्याहून मोटर आणली, रविवारी स्वतःच बसवली आणि बिल मालकाच्या हाती दिले. पुढचा पावसाळा आला, त्याचे पैसे अजून मिळालेले नाहीत.