पैसा आपला, खिडकी कुणाची?



गळीत हंगाम आटोपला की मी थोरल्या मुलाकडे खडवलीला जातो. कल्याणच्या पुढे, कसारा लाइनीवर, भातसा नदीकाठचे हे गाव. तिथे ऊस नाही. भातशेती आहे, वीटभट्ट्या आहेत, लोकलने कामाला जाणारी माणसे आहेत. पण तिकडे जे पाहिले त्याचा आपल्या ऊसबिलाशी संबंध आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या खेपेला मुलाबरोबर तिकडच्या एका बँकेत गेलो होतो. रांगेत पुढे सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई. निराधार योजनेचे हजार रुपये काढायचे होते. आतून उत्तर आले, "दहा हजाराच्या आतली रक्कम इथे मिळत नाही. एटीएमला जा, नाहीतर ग्राहक सेवा केंद्रात." आजींकडे कार्ड नाही. केंद्रात गेल्या तर यंत्र अंगठा ओळखेना. भट्टीवर विटा थापून बोटांच्या रेषाच झिजलेल्या! मला म्हणाल्या, "बाबा, पैसं माझंच हाईत ना?" मला उत्तर देता आले नाही.

कोणी म्हणेल, काळ बदलला, मोबाइलवर व्यवहार करा. ज्याला जमते त्याने जरूर करावेत. रोकड आणणे, मोजणे, सांभाळणे याला बँकेला खर्च येतो हेही खरे. पण तो वाचवायचा कोणाच्या जिवावर? एटीएमही फुकट नाही. महिन्याचे मोफत व्यवहार संपले की १ मे २०२५ पासून दर खेपेला २३ रुपयांपर्यंत आकार बसतो. हजार-पाचशे काढणाऱ्याला तो जड जातो.

आता आपल्याकडे वळू. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे. त्यासाठी आपण भांडतो, आणि भांडलेच पाहिजे. पण खात्यात पडलेले बिल म्हाताऱ्या सभासदाच्या हातात पडत नसेल, तर त्या १४ दिवसांना अर्थ काय? खिडकी बंद होणे म्हणजे काय, हे आपण भोगलेले आहे. १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली, ते दिवस आठवा.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजीच बँकांना सांगितले आहे की, सत्तरीवरच्या तसेच अपंग व आजारी खातेदारांना रोख रक्कम घरपोच देण्याची सोय करा. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, तिथे बँक काय वाढणार!

तेव्हा दोन गोष्टी करू. कोणी खिडकीवरून परत पाठवले तर कारण लेखी मागा, शाखेत लेखी तक्रार द्या. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. दुसरे, आपल्या कारखान्याची कोट्यवधींची बिले बँकांतून जातात. जी बँक वृद्ध व अपंग सभासदांना खिडकीवर लहान रक्कमही देईल, तिच्यामार्फतच बिले वाटावीत, असा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे.

विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, १९५० साली त्याचे धुराडे पेटले. शेतकऱ्याला आपल्याच घामाच्या पैशासाठी दुसऱ्याच्या दारात तिष्ठावे लागू नये, हाच सहकाराचा अर्थ. सभेला या आणि ठरावाला अनुमोदन द्या.

— एक सभासद