ढगांची दप्तरी नोंद

अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स येथे 2006 साली एका बाईंनी खिडकीतून आभाळाचे छायाचित्र काढले. त्यात ढगांचा तळ असा काही ढवळून निघालेला होता की, समुद्राच्या तळाशी उभे राहून वरच्या खवळलेल्या लाटा पाहाव्यात, तसा भास पाहणारास व्हावा. प्रचलित वर्गीकरणात या ढगास जागा नाही असे पाहून क्लाउड ॲप्रिसिएशन सोसायटीचे संस्थापक गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनी त्याच्या स्वतंत्र नावाचा आग्रह लावून धरला, आणि 2017 साली जागतिक हवामान संघटनेने आपल्या मेघसंग्रहात ‘अ‍ॅस्पेरिटास’ या नावाने तो दाखल करून घेतला. अकरा वर्षे लागली. पण सरकारी दप्तराचा शिरस्ता ज्यांस ठाऊक आहे, त्यांना हा विलंब फारसा वाटू नये.

क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावे 1802 साली लंडनच्या व्याख्यानात मांडणारा ल्यूक हॉवर्डही धंद्याने औषधे बनविणाराच होता. मेघविद्येत हौशी माणसाचा हक्क असा वडिलोपार्जित आहे; माझी तक्रार आहे ती आपल्या हौसेच्या ढिलेपणाविषयी. वैशाखातल्या दुपारी वळवाचे आभाळ भरून येते, काळ्याशार ढगाची कड कमानीसारखी खाली ओणवते, गार वाऱ्याचा पहिला झोत अंगणातली धूळ उडवितो, आणि गच्चीगच्चीवर मोबाईल उंचावतात. तेच चित्र संध्याकाळी सोलापूरचे म्हणून फिरते, रात्री नागपूरचे म्हणून. ज्यावर तारीख, वेळ आणि दिशा नाही, त्यास दाखला कसा म्हणावे?

शिवाय ती कमान म्हणजे केवळ शोभा नव्हे. पावसाबरोबर कोसळलेली थंड हवा जमिनीलगत पसरत पुढची दमट, उष्ण हवा वर उचलते, तेव्हाच ती घडते. म्हणजे वादळी वारा आणि विजा दाराशी आल्या, आणि अशा वेळी गच्चीइतकी वाईट जागा नाही. आपला वळीव म्हणजे अमेरिकेतला टॉर्नेडो नव्हे, हे कबूल. परंतु 2003 साली टॉर्नेडोच्या वाटेत यंत्र ठेवून वायुभारातली शंभर मिलिबारची घट टिपणारा टिम समारास, ज्याची सावधगिरी त्याच्या सहकाऱ्यांत नावाजलेली होती, तोही 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे, चार किलोमीटरांहून अधिक रुंद झालेल्या टॉर्नेडोत, मुलगा व सहकारी यांच्यासह बळी पडला.

म्हणून मी आताशा दार लावून खिडकीच्या आत उभा राहतो. गेल्या वळवाची माझ्या दिनदर्शिकेवर ‘चार वाजून दहा मिनिटे, ईशान्य, कमान, मग गारा’ एवढीच नोंद आहे. छायाचित्र काढावयाचे त्या गडबडीत राहूनच गेले.