मार्सेय उभं राहतंय

५ नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. मार्सेयमधल्या नोआय वस्तीत, रू दोबान्य या रस्त्यावर दोन जुन्या इमारती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. आठ माणसं गेली. जुनं बंदर तिथून चालत काही मिनिटांवर. २०१३ साली मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं तेव्हा याच बंदरावर मोठं संग्रहालय उभं राहिलं. मागच्या गल्लीतल्या भिंतींच्या भेगांकडे लक्ष द्यायला मात्र कुणाला सवड झाली नाही. याचा आम्हाला आजही संताप येतो.

नोआय म्हणजे पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हची पिंपं, मसाल्यांची पोती, आणि अल्जेरिया, ट्युनिशिया, कोमोरोस बेटांवरून आलेली कुटुंबं. दुर्घटनेनंतर शहरभरातल्या धोकादायक इमारतींतून हजारो लोकांना बाहेर काढलं गेलं. हे लोक हातावर हात धरून बसले नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, संघटना बांधल्या, आणि २०१९ साली पुनर्वसनाची सनद मान्य करवून घेतली. पुढच्याच वर्षी पालिकेतली पंचवीस वर्षांची सत्ता बदलली आणि मिशेल रुबिरोला शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

त्याच वर्षी, टाळेबंदीत, उत्तरेकडच्या सेंट-बार्थेलेमीमध्ये कामगारांनी बंद पडलेलं मॅकडॉनल्ड्स ताब्यात घेऊन तिथून गरजूंना शिधा वाटला. नंतर ती जागा पालिकेने विकत घेतली. आता तिचं नाव 'लाप्रे एम'.

या अंकात मार्सेयविषयी लिहिताना संग्रहालयाआधी आम्ही या दोन पत्त्यांवर गेलो आहोत.