नेमबाजीचा वेश : शिस्त कुठवर, सक्ती कुठून?

काही वर्षांपूर्वी एका शालेय नेमबाजी स्पर्धेला प्रेक्षक म्हणून जाण्याचा योग आला. दहा मीटर एअर रायफलचा सामना सुरू व्हायचा होता. नववी-दहावीतील एक मुलगी निळी जीन्स घालून आपल्या जागेकडे निघाली, तोच पंचांनी तिला थांबवले. मुलीचे वडील संतापून पुढे आले. म्हणाले, "अहो साहेब, अंगभर कपडे आहेत पोरीचे! जीन्समध्ये वाईट ते काय? आणि नेम डोळ्याने धरायचा की विजारीने?" पंच सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "वाईट काहीच नाही, पण येथे चालत नाही. अजून वीस मिनिटे आहेत. बाळ, बदलून ये." मुलीने मैत्रिणीकडून ट्रॅकपँट मागून घेतली आणि ती वेळेत उभी राहिली. वडील मात्र सामना संपेपर्यंत पुटपुटतच होते.

त्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, असे तेव्हापासून वाटत आले आहे. कारण खेळाडूने काय घालावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोठवर, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. एका भारतीय नेमबाज तरुणीला या प्रश्नापायी आशियाई स्पर्धेवर पाणी सोडावे लागले आहे.

मिलिमीटरने मोजला जाणारा पेहराव

प्रथम नियम काय आहेत ते पाहू. नेमबाजीत दोन प्रकारचे वस्त्रनियम आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिला प्रकार खेळाच्या निकोपपणाचा. दहा मीटर एअर रायफलमध्ये लक्ष्याच्या केंद्रातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तो टिपायचा तर शरीर दगडासारखे स्थिर हवे. जाड कापडाचे आणि चामड्याचे ताठ जाकीट अंगावर असेल तर पाठीला आधार मिळतो, हे कोणताही रायफल नेमबाज सांगेल. म्हणून पॅरिस ऑलिंपिक ज्या नियमांनी खेळले गेले, त्यांत जाकिटाच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नव्हती आणि बुटाचा तळ दहा मिलिमीटरपेक्षा जाड चालत नव्हता. कापड किती ताठ आहे, बुटाचा तळ किती वाकतो, हेही उपकरण लावून तपासले जात असे. पिस्तुलाच्या नेमबाजाला घोटा झाकणारा बूट वर्ज्य, मनगटाला आधार देणारी पट्टी वर्ज्य. सामन्यानंतर पुन्हा तपासणी होते आणि तीत दोष आढळला तर मिळवलेले गुणही हातचे जातात. हा नियम राजाला आणि रंकाला सारखाच.

दुसरा प्रकार सभ्यतेचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या वेशसंहितेत निळी जीन्स, सैनिकी छद्मवेषाचे ठिपकेदार कपडे, बिनबाह्यांचे टी-शर्ट, फाटक्या वा ठिगळ लावलेल्या विजारी, खेळाशी संबंध नसलेला मजकूर छापलेले कपडे आणि सँडल यांना मज्जाव आहे. अर्धी विजार किंवा स्कर्ट घातला तर त्याची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पंधरा सेंटिमीटरहून अधिक वर असता कामा नये. पदक स्वीकारताना राष्ट्रीय संघाचा गणवेश हवा. हे नियम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहेत.

यातील छद्मवेषावरची बंदी विचार करण्याजोगी आहे. ज्या खेळाचा उगम सैनिकी सरावात झाला, त्याच खेळात सैनिकासारखा पोशाख का नको? कारण उघड आहे. हातात शस्त्र असते, पण समोर शत्रू नसतो. असते ते केवळ लक्ष्य. शस्त्र धरणारा येथे आत्मसंयमाची परीक्षा देण्यासाठी उभा असतो, आणि प्रेक्षकाला, विशेषतः लहान मुलाला, ते पाहताक्षणी कळले पाहिजे. शस्त्राभोवती मर्यादा हवी, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. खंडेनवमीला शस्त्र पुसून, पाटावर मांडून, स्वतः स्नान करून आपण त्याला फूल वाहतो. कोल्हापूरच्या तालमीत पायताण घालून कोणी आखाड्याच्या तांबड्या मातीत उतरत नाही. त्याच कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे असे नेमबाज देशाला दिले. तेजस्विनी 2010 साली म्युनिचमध्ये जगज्जेती झाली, राहीने 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण मिळवले, स्वप्नीलने 2024 साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकले. मातीची शिस्त आणि नेमबाजीच्या रेंजवरची शिस्त एकाच कुळातील आहे.

पॅरिसमध्येच तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साधा चष्मा आणि टी-शर्ट घालून, एक हात खिशात ठेवून उभा राहिला आणि मिश्र सांघिक पिस्तूल प्रकारात रौप्यपदक घेऊन गेला. जगभर कौतुक झाले, आणि अनेकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की वेशाचे नियम म्हणजे सारे थोतांड. प्रत्यक्षात त्याच्या अंगात त्याच्या राष्ट्रीय संघाचाच टी-शर्ट होता, आणि पिस्तूल नेमबाजाने मोकळा हात खिशात ठेवणे ही नेहमीची रीत आहे. त्याने एकही नियम मोडला नव्हता. साधेपणा आणि बेशिस्त यांत फरक असतो, तो त्याच्याकडे पाहून शिकावा.

तेव्हा त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे : जीन्स वाईट नाही, पण ज्या ठिकाणी सर्वांनी आधीच मान्य केलेला, सर्वांना समान असलेला नियम आहे, तेथे तो पाळण्यात कमीपणा नसतो.

तेहरानचे निमंत्रण

आता नाण्याची दुसरी बाजू. डिसेंबर 2016 मध्ये आशियाई एअरगन अजिंक्यपद स्पर्धा इराणची राजधानी तेहरान येथे भरली. इराणच्या कायद्यानुसार तेथे येणाऱ्या महिला खेळाडूंना हिजाब अनिवार्य होता. भारताची पिस्तूल नेमबाज हीना सिद्धू हिने ऑक्टोबरमध्येच आपण जाणार नसल्याचे जाहीर केले. हीना मूळची पंजाबची, दंतवैद्यकाची पदवीधर. नेमबाज आणि प्रशिक्षक रौनक पंडित यांच्याशी विवाह झाल्याने मुंबईची सून. 2013 साली म्युनिचला झालेल्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले होते आणि 2014 साली ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली होती. तिची भूमिका संयत होती. आपण कोणी क्रांतिकारक नाही, पण खेळाडूवर हिजाबची सक्ती करणे खेळाच्या भावनेत बसत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. राष्ट्रीय नेमबाजी संघटनेने तिच्या निर्णयाचा मान राखला. संघातील इतर खेळाडू स्पर्धेला गेले.

दीड वर्षाने, 2018 च्या उन्हाळ्यात, पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन हिने हाच मार्ग धरला. इराणमधील हमादान येथे होणाऱ्या आशियाई सांघिक स्पर्धेतून तिने डोक्यावरील रुमालाच्या सक्तीच्या कारणाने माघार घेतली. भारतीय संघात खेळण्याची संधी सोडणे खेळाडूला किती जड जाते, हे ज्याच्या घरात खेळाडू आहे त्यालाच कळेल.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. 'देश तसा वेश' असे आपणच म्हणतो. गुरुद्वारात शिरताना आपण डोके झाकतो, देवळात पादत्राणे काढतो, परक्या घरी त्या घरची रीत पाळतो. मग तेहरानला जाऊन रुमाल बांधला तर काय बिघडले?

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. गुरुद्वारात आपण यात्रेकरू किंवा पाहुणे म्हणून जातो. तेथील रीत त्या श्रद्धास्थानाची असते आणि ती स्त्री-पुरुष दोघांसाठी असते. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा हे कोणाचे श्रद्धास्थान नव्हे आणि कोणाच्या घरचे कार्यही नव्हे. ती संपूर्ण खंडाची स्पर्धा; यजमान देश तिचा मालक नसतो, काही दिवसांपुरता विश्वस्त असतो. विश्वस्ताने पाहुण्याला पाणी विचारावे, राहण्याची सोय पाहावी, पण खेळाच्या नियमावलीत स्वतःच्या कायद्याची पुरवणी जोडू नये. शिवाय ती पुरवणी केवळ स्त्रियांसाठी होती. जाकिटाची जाडी मोजणारे उपकरण पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरे माप लावत नाही. तेहरानचे माप मात्र स्त्रीच्या केसांपुरतेच होते.

एकच कसोटी सर्वांना

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा विषय कोणाच्या श्रद्धेच्या निंदेचा नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कतारची रायफल नेमबाज बहिया अल-हमद आपल्या देशाचा ध्वज घेऊन चालली आणि डोके झाकूनच नेमबाजीला उभी राहिली. ती तिची रीत होती. तिने कोणावर ती लादली नाही आणि तिच्या नेमाला त्याची बाधाही झाली नाही. तिचा हक्क आणि हीनाचा हक्क हे एकाच हक्काचे दोन चेहरे आहेत.

याची उलट बाजू आपल्या खेळाडूंनीही सोसली आहे. 2014 साली चीनमधील वुहान येथे आशियाई बास्केटबॉल स्पर्धेत अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या आपल्या शीख खेळाडूंना पगडी उतरवून मैदानात उतरावे लागले होते. तेव्हा आपण सारे संतापलो, आणि योग्यच संतापलो. पुढे 2017 साली जागतिक बास्केटबॉल महासंघाने नियम बदलला. त्या एका बदलाने पगडीलाही वाट मिळाली आणि हिजाबलाही. जो पगडी जबरीने उतरवू देत नाही, त्याने रुमाल जबरीने बांधू देता कामा नये. आणि ज्याला रुमालाची जबरी सलते, त्याने स्वखुशीने बांधलेला रुमाल ओढू नये.

इराणमधील स्त्रियांचेही याहून वेगळे काय म्हणणे आहे? सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी हिचा पोलीस कोठडीत अंत झाल्यावर तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. ऑक्टोबरमध्ये एल्नाझ रेकाबी ही इराणी गिर्यारोहक सोलच्या स्पर्धेत उघड्या डोक्याने भिंत चढली. डिसेंबरमध्ये बुद्धिबळपटू सारा खादेम अल्माटीच्या पटावर तशीच बसली. पुढे तिला देश सोडून स्पेनमध्ये राहावे लागले. हीनाने एक स्पर्धा गमावली, साराने मायदेश गमावला.

म्हणून कसोटी सरळ आहे. नियम खेळाच्या गरजेतून आलेला आहे काय? तो सर्वांना समान आहे काय? तो सर्वांनी मिळून आधी ठरवलेला आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर नियम निमूटपणे पाळावा. नसतील तर तो नाकारणे हा उद्धटपणा ठरत नाही. त्या वेळी जे खेळाडू तेहरानला गेले त्यांना मात्र बोल लावू नये. एकेका मुलीच्या खांद्यावर हा भार टाकणे हाच खरा अन्याय आहे. तो भार संघटनांनी उचलावा. ज्या देशात खेळाच्या नियमावलीपलीकडे एकही वस्त्रसक्ती होणार नाही असे लेखी आश्वासन मिळेल, त्यालाच यजमानपद द्यावे, हा आग्रह भारताने आशियाई महासंघात धरला पाहिजे.

आपल्या अंगणात

दुसऱ्याच्या दारापुढचा केर दाखवताना आपले अंगणही झाडले पाहिजे. "मुलीला नेमबाजीलाच घालतो, त्यात कपडे अंगभर असतात," हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांत कितीदा ऐकू येते! तीच मुलगी पोहायला किंवा जिम्नॅस्टिक्सला जाते म्हणाली की घरात कुजबुज सुरू होते. तेहरानच्या सक्तीचा निषेध करणाऱ्याने ही घरातली मूक सक्तीही तपासावी. मुलीने कोणता खेळ निवडावा, हे तिच्या अंगातील गुणांनी ठरवावे, पोशाखाच्या लांबीने नव्हे.

आणि नियमाचा आग्रह धरणाऱ्या आपल्या संघटकांनीही थोडे पाहावे. प्रवेशअर्जासोबत वेशाचे नियम सोप्या मराठीत छापून दिले, तर जीन्स घालून आलेल्या मुलीला ऐन वेळी धावाधाव करावी लागणार नाही. रायफलचे जाकीट सामान्य शिक्षकाच्या वा शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारे नाही. जिल्हा संघटनांनी चार-सहा जाकिटे ठेवून ती गरजू मुलांना सरावाला द्यावीत. जेथे मुलींना कपडे बदलायला एक बंद खोली नाही, तेथे त्यांच्या कपड्यांवर बोट ठेवण्याचा अधिकार निम्माच उरतो. शिस्त मागणाऱ्याने आधी सोय द्यावी लागते.

त्या शालेय स्पर्धेतील मुलीला पदक मिळाले नाही. पण सामना संपल्यावर ती रायफल रिकामी असल्याची खात्री पंचांकडून करून घेऊन, जाकिटाची घडी करून, मैत्रिणीची ट्रॅकपँट परत करायला गेली. जाता जाता त्या निवृत्त पंचांपाशी थांबली आणि म्हणाली, "सर, पुढच्या वेळी आधीच नीट येईन." वडिलांना जे पटले नव्हते, ते तिला वीस मिनिटांत कळले होते. उद्या हीच मुलगी देशाकडून खेळेल आणि एखाद्या परक्या राजधानीत तिच्यापुढे खेळाबाहेरचा नियम येईल. आज मुकाट्याने विजार बदलणारी ती त्या दिवशी ताठ मानेने नकार देऊ शकली, तर तिची शिस्त सार्थकी लागली असे समजावे. आणि तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहण्याचे काम आपले आहे.