गाइड कुठे आहे?

संगणकशास्त्रात पीएचडी करायची म्हटले की आपल्याकडे सगळी चर्चा परीक्षेभोवती फिरते. विद्यापीठाची पेट द्यायची की नेट, गेटचा स्कोअर चालेल का, पदव्युत्तरला पंचावन्न टक्के भरतात का. हे प्रश्न बिनमहत्त्वाचे नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024-25 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी खुले केले आणि त्याच वर्षी 18 जूनला झालेली नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली. एका परीक्षेवर सारा भार टाकला की काय होते, ते लाखो उमेदवारांनी भोगले. पण परीक्षा सुरळीत पार पडली, गुणही चांगले मिळाले, तरी राज्यातल्या विद्यार्थ्याची खरी अडचण त्यानंतरच सुरू होते. त्याला गाइड मिळत नाही.

आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने प्रवेशाचे दार रुंद केले. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर पदव्युत्तर पदवीशिवायही पीएचडीला बसता येते. गाइडच्या बाबतीत मात्र नियम काटेकोर आहेत. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी. गाइड कायम सेवेतला हवा, स्वतः पीएचडी हवा आणि त्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झालेले हवेत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे नियम योग्यच आहेत आणि ते सैल करावेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. वीस-पंचवीस विद्यार्थी पदरी बाळगून कुणाच्याच प्रबंधाचे पान न वाचणारे गाइड नको असतील, तर मर्यादा हवीच.

दुखणे आहे ते पदांचे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत संगणकाचे अभ्यासक्रम आले ते बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर. बीसीए असो, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स असो, विद्यार्थ्यांच्या फीमधून विभाग चालवायचा आणि शिक्षक नेमायचे ते कंत्राटावर किंवा तासिका तत्त्वावर. भौतिकशास्त्राला, वनस्पतिशास्त्राला निदान मंजूर पदे तरी आहेत, मग ती भरलेली असोत वा रिकामी. संगणकाच्या विभागात मंजूर पद नावाची गोष्टच अनेक ठिकाणी नाही. डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम वर्षानुवर्षे शिकवणारी, स्वतः पीएचडी झालेली शिक्षिकाही केवळ कायम नाही म्हणून गाइड होऊ शकत नाही. ज्या विषयाच्या प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, त्याच विषयात संशोधनाला हात धरून नेणारे माणूस सापडू नये, याचे मूळ या धोरणात आहे.

त्याचा परिणाम प्रत्यक्ष पाहायचा तर विद्यापीठाची गाइडची यादी उघडावी. नाव, महाविद्यालय, विषय आणि शेवटच्या रकान्यात रिक्त जागा. त्या रकान्यात शून्यामागून शून्य. जिथे एक किंवा दोन लिहिलेले असते, तिथे फोन केला तर जागा केव्हाच भरलेली असते. मग जो मिळेल तो गाइड आणि तो सांगेल तो विषय. कंपायलरवर काम करायची इच्छा असलेला मुलगा पिकांच्या पानांची छायाचित्रे गोळा करून रोग ओळखण्याचे मॉडेल बनवत बसतो. तो विषय हलका आहे असे नव्हे, पण तो त्याचा नाही. जो प्रश्न आपला वाटत नाही त्याच्यामागे पाच-सहा वर्षे कोण झिजणार? संशोधन अर्धवट सोडणाऱ्यांना चिकाटी नाही म्हणून बोल लावण्याआधी हे बघायला हवे.

आयआयटीत आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चित्र वेगळे आहे. तिथे विद्यार्थी आधी प्राध्यापकांचे काम वाचतो, मग अर्ज करतो. परीक्षेतल्या गुणांवर गाडी थांबत नाही. समोर बसवून, फळ्यावर प्रश्न सोडवून घेऊन त्याची पारख होते. केंद्राची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये झाली. पंतप्रधान संशोधन पाठ्यवृत्तीत सुरुवातच 70 हजारांपासून होते. इकडे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या पाठ्यवृत्तीसाठी आझाद मैदानात बसावे लागले. आयटी कंपनीची नोकरी नाकारून संशोधनाकडे वळलेल्या तरुणाला राज्याने दिलेली ही वागणूक संतापजनक आहे.

उरतात ते नोकरी करता करता पीएचडी करणारे. त्यांत शिक्षक बरेच. त्यांना संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळे केले जाईल, असे त्यात लिहून द्यावे लागते. प्राचार्य सही करतात. पण वेळापत्रकातले तास, प्रात्यक्षिकांच्या बॅचेस, परीक्षेचे काम यांतले काहीच कमी होत नाही. प्रबंध रात्री अकरानंतर लिहिला जातो.

प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याच्या अटीबद्दलही बोलले पाहिजे. ती अट आयोगाने 2022 मध्ये काढली, पुढे नियतकालिकांची केअर यादीही 2025 मध्ये बंद केली. आता निर्णय विद्यापीठांच्या हाती आहे. संगणकशास्त्रातले उत्तम काम जगभर परिषदांमध्ये सादर होते. न्यूरिप्स किंवा व्हीएलडीबी अशा परिषदेत निबंध स्वीकारला जाणे हे बहुतेक नियतकालिकांत छापून येण्यापेक्षा अवघड आहे. तरीही निव्वळ नियतकालिकच मोजणारे नियम करणे म्हणजे पैसे घेऊन छापणाऱ्यांचे दुकान पुन्हा चालू करून देणे होईल.

केंद्राने मार्च 2024 मध्ये इंडिया एआय मिशनसाठी दहा हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. त्यातून संगणनक्षमता उभी राहील आणि ती हवीच आहे. पण यंत्रे निविदा काढून महिन्यांत येतात. संशोधक घडवणारा प्राध्यापक तयार व्हायला पंधरा वर्षे लागतात. राज्य सरकारने महाविद्यालयांतल्या संगणकशास्त्र विभागांना मंजूर, कायम, अनुदानित पदे द्यावीत आणि पुढच्या प्राध्यापक भरतीत ती वेगळी दाखवावीत. ती भरली जाईपर्यंत विद्यापीठांनी आयआयटी मुंबई आणि टाटा संस्थेतल्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून जोडून घ्यावे. नियमांत त्याची सोय आहे. आणि अर्जाचे शुल्क घेण्यापूर्वी कुणाकडे, कोणत्या विषयात, किती जागा खरोखर रिकाम्या आहेत हे जाहीर करावे. या शेवटच्या कामाला ना मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, ना एक रुपयाची तरतूद. येत्या प्रवेशफेरीपासून ते सुरू होऊ शकते.