मॉडेलचं नाव लिहा

एका पायावर भार द्यायचा, दुसरा गुडघा जरा सैल सोडायचा, हात कमरेवर ठेवायचा आणि तसंच उभं राहायचं. पहिली पाच मिनिटं काही वाटत नाही. मग भाराच्या पायाची पोटरी ताठरते, खांदा नकळत उतरू लागतो, मान अवघडते. विश्रांतीची वेळ झाली की कुणीतरी पुढे होऊन पावलांभोवती खडूनं रेघ ओढतं, म्हणजे परत आल्यावर पाऊल त्याच जागी पडावं. कला महाविद्यालयांच्या लाइफ क्लासमध्ये मॉडेल हेच काम दिवसभर करते, आणि एकच पोझ अनेक दिवस चालते.

तिच्यासमोर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसलेला मुलगा काय शिकतो? भार एका पायावर गेला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मधला कणा वळण घेतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या घोट्यापाशी येतो. नाही आला, तर चित्रातली आकृती कलंडते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकानं हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीनं तांब्याची उंची मोजलेली असते. इथे त्याच पद्धतीनं डोक्याचं माप घेऊन शरीर मोजायचं. पुस्तकं सांगतात की माणूस साडेसात डोक्यांचा. समोरची बाई मात्र सहा-साडेसहाची निघते, तिचे गुडघे कष्टानं जाड झालेले असतात, पोटावर बाळंतपणाच्या खुणा असतात. पाठ केलेलं माप बाजूला ठेवून समोरचं पाहायला लागणं, ही त्या वर्गातली खरी कमाई.

मग फोटोवरून का नाही? हा प्रश्न आता वारंवार येतो, कारण मोबाइलवर हव्या त्या पोझचे हजारो फोटो मिळतात. पण कॅमेरा एका डोळ्यानं पाहतो. जवळचा हात तो फुगवतो, सावलीतले बारीक फरक गिळतो आणि शरीराची कड कापल्यासारखी दाखवतो. माणूस दोन डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे दंडाची गोलाई कडेपलीकडे वळताना त्याला जाणवते. शिवाय जिवंत शरीर बदलत राहतं. सकाळी ताठ असलेली पाठ दुपारी बसते. यातली कोणती पाठ कागदावर ठेवायची, हे विद्यार्थ्याला ठरवावं लागतं. फोटोत तो निर्णय कॅमेऱ्यानं आधीच घेऊन टाकलेला असतो.

ही शिस्त युरोपातल्या अकादमींची. आधी छापील चित्रांची नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून अभ्यास आणि शेवटी जिवंत मॉडेल, असा तिचा क्रम. फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग आणि जेरोम यांनी 1866 ते 1871 या काळात या शिक्षणासाठी 197 छापील तक्ते काढले. अकादमीशी कधी न जमलेल्या व्हॅन गॉगनं ते मन लावून गिरवले होते.

मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये हाच क्रम आला. 1919 साली ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख म्हणून आले. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेल्या या चित्रकारानं नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग रुजवला. हे सगळं परकं, भारतीय दृष्टीला बिघडवणारं, अशी टीका बंगाल शैलीच्या चित्रकारांकडून होतच होती. तिला सर्वांत भक्कम उत्तर एका मराठी चित्रकारानं दिलं. एम. आर. आचरेकर यांनी 1958 च्या ‘रूपदर्शिनी’ या पुस्तकात जिवंत मॉडेलवरची रेखाटनं आणि प्राचीन भारतीय शिल्पांतली रूपं समोरासमोर मांडली. त्रिभंगात उभी असलेली दगडी यक्षी आणि एका पायावर भार देऊन उभी असलेली आजची बाई, दोघींच्या कंबरेचं वळण शरीराच्या एकाच नियमातून येतं. आपल्या मूर्तिकारांनीही माणूस बारकाईनं न्याहाळलाच होता. हा अभ्यास परका म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक उघडून पाहावं.

नग्न शरीर कुणी पाहायचं, हा मात्र सगळीकडेच अधिकाराचा प्रश्न राहिला. रॉयल अकादमीच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. पण चित्रकार झोफनीनं अकादमीच्या सदस्यांना नग्न मॉडेलसह रंगवलं तेव्हा या दोघी फक्त भिंतीवरच्या तसबिरींत आल्या. तिथल्या विद्यार्थिनींना मॉडेलवरून अभ्यास करायला 1893 उजाडावं लागलं, तेही मॉडेलचं अंग अंशतः झाकून. फिलाडेल्फियात चित्रकलेचे शिक्षक थॉमस ईकिन्स यांनी मुलींसमोर पुरुष मॉडेलचं वस्त्र दूर केलं, त्यावरून 1886 साली त्यांना पद सोडावं लागलं.

चित्रकार स्त्रियांना हळूहळू जागा मिळाली. चौथऱ्यावर उभी असलेली स्त्री मात्र आजही निनावी आहे. फ्रेंच चित्रकार माने यांच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रासाठी बसलेली व्हिक्टोरीन म्युराँ स्वतः चित्रकार होती, पॅरिसच्या सलोंमध्ये तिची चित्रं लागली, तरी शंभर वर्षं लोक तिला केवळ मॉडेल म्हणूनच ओळखत राहिले. आपल्याकडे सावळाराम हळदणकरांचं, हातात समई घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यातली स्त्री कोण, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ती त्यांची मुलगी गीता. मॉडेल चित्रकाराच्या घरातली असली तरच तिचं नाव टिकतं, हे बरोबर नाही.

रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटानं अशाच एका मॉडेलची कथा सांगितली. 2017 च्या गोव्यातल्या महोत्सवातून तो ऐनवेळी वगळला गेला आणि पुढच्या वर्षी प्रदर्शित झाला. त्यावर वाद झाला तो कलास्वातंत्र्याचा. मॉडेलची मजुरी, तिचं आजारपण, तिचं म्हातारपण यांवर फारसं कुणी बोललं नाही. बसेल त्या दिवसाचे पैसे, अशीच या कामाची सर्वसाधारण रीत आहे. हे काम करणाऱ्या अनेकजणी ते घरी सांगतही नाहीत.

म्हणून नाव छापायचं तर आधी तिला विचारूनच. पण विचारायला तरी हवं. जे. जे.ला 2023 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे नियम नव्यानं लिहिण्याची संधी या संस्थेकडे आहे. मॉडेलला शिक्षणाचा भाग मानून ठरलेलं मानधन, आजारपणाची भरपाई आणि कपडे बदलायला कडी असलेली खोली द्यावी. आणि वार्षिक प्रदर्शनात अभ्यासचित्राखाली विद्यार्थ्याचं नाव लिहिताना, तिची संमती असेल तर, तिचंही नाव लिहावं.